पंधरा तोळ्यांची बॅट

टेबल टेनिसची बॅट कशी निवडावी, या विषयावर माझ्याइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस सबंध जळगावात सापडणार नाही. बाकीचे लोक बॅट निवडतात आणि खेळायला लागतात. मी तीन महिने निवडतच होतो. एकोणसत्तर सालच्या दसऱ्यानंतर सुरुवात केली, ती संक्रांत जवळ आली तेव्हा एकदाची संपली. आणि संपली तेव्हा माझ्या हातात जी वस्तू होती, तिला बॅट म्हणायचं की नाही यावर धुळ्यात पंधरा मिनिटं चर्चा झाली.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण माझं पेन्शन अजून व्हायचं आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी तो वाचतो, त्यात काय राहिलं आहे ते शोधून काढतो, आणि ‘त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा मारून आल्या वाटेनं रवाना करतो. आमचे साहेब एकदा म्हणाले होते, “फेगडे, तुम्ही आहात म्हणून या कचेरीत काम साचत नाही.” मी ते कौतुक समजलो होतो. अजूनही तसंच समजतो.

तर या साहेबांना टेबल टेनिसचा नाद. बदलून आले ते सामानाबरोबर एक टेबलही घेऊन आले आणि ते जुन्या रेकॉर्डरूममध्ये मांडलं. कचेरीतल्या लोकांनी पहिले आठ दिवस त्यावर डबे खाल्ले. मग एके दिवशी आमच्याच खात्याच्या धुळ्याच्या कचेरीकडून पत्र आलं. दोन्ही कचेऱ्यांचा मैत्रीपूर्ण सामना धुळ्यात भरवावा असं वाटतं, आपल्याकडील श्री. फेगडे हे कॉलेजचे चँपियन असल्याचं समजतं, सबब त्यांचा एकेरीचा सामना आमच्या श्री. सुकदेव यांच्याशी ठेवला आहे. मी त्या पत्रात पाच मिनिटं त्रुटी शोधली. एकही नव्हती. पत्र साहेबांकडे गेलं.

हा सुकदेव म्हणजे माझा मेहुणा. आणि कॉलेजचा चँपियन ही माझ्या लग्नाच्या बैठकीतली गोष्ट. माझे सासरे, म्हणजे आबा, धुळ्यातल्या एका शाळेचे ड्रिल मास्तर. बैठकीत त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, शेती विचारली नाही. “मुलगा खेळतो का?” एवढंच विचारलं. आमचे फैजपूरचे मामा केळीच्या व्यापारातले माणूस, पण बैठकीत अडून बसणं त्यांना माहीत नाही. म्हणाले, “खेळतो म्हणजे? कॉलेजचा चँपियन आहे.” कशाचा, असं आबांनी विचारल्यावर मामांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर टेबल होतं, त्यावर पोह्यांच्या बशा होत्या. “टेबल टेनिसचा,” मामा म्हणाले.

आबा उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी काहीच बोललो नाही. होस्टेलमध्ये एक जण चहा प्यायला गेला असताना त्याची बॅट मी धरून उभा राहिलो होतो, तेवढाच माझा त्या खेळाशी संबंध. पण त्या दिवसापासून बारा वर्षं मी आबांचा ‘चँपियन जावई’ होतो. सुकदेवच्या आधी मला ताट, आल्यागेल्याशी माझी ओळख चँपियन म्हणून, आणि मला मुलगी दिली ही आबांच्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अचूक पारख. बायकोनंही, म्हणजे कमलनं, आमच्या मेहरूणच्या गल्लीत हे घरोघर सांगून ठेवलेलं. जवळपास टेबल नव्हतं तोवर सगळं ठीक होतं.

आता खेळणं भाग होतं. हरलो असतो तरी हरकत नव्हती, चँपियन माणसंही म्हातारपणी हरतात. पण बॅट हातात धरताक्षणी आबांना कळलं असतं की यानं ती कधी धरलेलीच नाही. चाळीस वर्षं पोरांना सावधान-विश्राम करायला लावणारा माणूस. तो चालण्यावरून माणूस ओळखत असे. तेव्हा मी ठरवलं की निदान बॅट तरी अशी न्यायची, की बघणाऱ्याची नजर बॅटवरून माझ्यावर यायलाच नको.

मी घेवरचंदच्या दुकानात गेलो. घेवरचंदकडे पाट्या, पेन्सिली, कंदिलाच्या काचा, शाळांना लागणारे ढाल-करंडक आणि खेळाचं सामान एकत्रच असे. मी म्हटलं, “एक चांगली बॅट दाखवा.” त्यानं तीन काढून समोर ठेवल्या आणि हात जोडून विचारलं, “साहेब, तुमचा खेळ कसा? मारायचा, की राखायचा?”

“म्हणजे?”

“मारायचा असला तर ही, स्पंजवाली. बॉल लागला की सुटतो. राखायचा असला तर ही, दाणेदार रबराची. आणि दोन्ही थोडं थोडं असलं तर ही.”

“चांगली कुठली?”

“तिन्ही चांगल्या. पण माणूस कसा त्यावर आहे. आमच्याकडं चुकीचा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधत नाहीत, साहेब. कॉलेजात खेळलात म्हणतात, तर तुम्हाला ठाऊक असणारच.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि बाहेर पडलो.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी बेचाळीस वर्षांचा झालो होतो आणि आपण मारणाऱ्यातले की राखणाऱ्यातले हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. जेवताना मी कमलला विचारलं, “खरं सांग, माझा स्वभाव कसा आहे? चढाईचा की बचावाचा?”

कमलनं भाकरी उलटली. “गेल्या महिन्यात दूधवाला पाणी घालतो म्हणून त्याला चार शब्द सुनवायला गेला होतात ना?”

“गेलो होतो.”

“येताना त्याच्या म्हशीसाठी औषधाचं नाव लिहून आणलंत.”

मी आणखी एक भाकरी मागितली.

शेजारच्या झुंबरबाई मात्र असल्या बाबतीत मागे राहणाऱ्या नव्हत्या. धुळ्याकडच्या, वय साठ, आवाज सबंध गल्लीचा. बॅटची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, “अरे भाऊ, दुकानमां काय जास? दुकाननी बॅट चार दिनमां तुटी जास. आपला जीवराम सुतारकडथून बनाडी ले. बाभूयनी. तुना नातू खेळतीन.”

माझे नातू टेबल टेनिस खेळतील की नाही याची मला काळजी नव्हती, पण जीवराम सुतार शेजारच्याच गल्लीत होता आणि तो मला माझ्या स्वभावाबद्दल काही विचारणार नव्हता. मी त्याला बाभळीचं लाकूड सांगितलं आणि कागदावर चित्र काढून दिलं. त्यानं ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि म्हणाला, “समजलं.” आठ दिवसांनी त्यानं जे आणून दिलं ते चित्राबरहुकूम होतं, फक्त दीडपट जाड होतं आणि दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. मी म्हटलं, “जीवराम, यानं चेंडू मारायचा आहे.” तो म्हणाला, “चेंडू काय, बैल मरेल.” मी परत तासून आणायला सांगितलं. तासून झाल्यावर ते एका हातानं उचलता येऊ लागलं, पण त्याची कळा बॅटची नव्हती. कमलनं ते पाहिलं, हातात तोललं, आणि काही न विचारता न्हाणीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं धुणं त्या मोगरीनं होऊ लागलं. थंडी पडल्यावर बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, वांग्याचं भरीत ठेचायलाही तीच. झुंबरबाईंचं खरं मानावं लागेल, वस्तू खरोखरच टिकाऊ होती.

मधल्या काळात मी गुपचूप सराव सुरू केला होता. कचेरी सुटल्यावर रेकॉर्डरूममध्ये कुणी नसे. खेळायला जोडीदार म्हणून फक्त आमचा शिपाई करमसिंग मिळाला. हा सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या वरच्या अंगाचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी साहेबांची बॅट चोरून वापरत असे. करमसिंग फाईलचा पुठ्ठा घेऊन उभा राहत असे. पहिल्या दिवशी तो मला एकवीस-चार असा हरवून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, तू बॅट घे, मी पुठ्ठा घेतो. तेव्हा एकवीस-दोन झालं. मी मारायला गेलो की चेंडू १९४२ सालच्या गठ्ठ्यांमागे जाऊन पडे, आणि तो शोधताना आमच्या कचेरीचे काही हरवलेले कागद मात्र सापडले. खेळाचा प्रशासनाला एवढा फायदा झाला.

शेवटी मी ठरवलं की हा विषय कचेरीमार्फतच सोडवायचा. करमणूक केंद्रासाठी, म्हणजे रेकॉर्डरूममधल्या त्या टेबलासाठी, बॅट खरेदी करावी असा रीतसर अर्ज मी साहेबांच्या नावे लिहिला. विषय, संदर्भ, सामन्याची तारीख, सगळं नीट. सोमवारी तो आवक पेटीत टाकला. पद्धत म्हणजे पद्धत. स्वतःचा अर्ज आहे म्हणून हातोहात नेऊन देणं मला जमणारं नव्हतं.

मंगळवारी चहा उशिरा आला आणि माझं डोकं फिरलेलं होतं. त्या भरात मी पेटीतले चाळीसेक कागद निकालात काढले. गुरुवारी करमसिंगनं माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला आणि पोच मागितली. मी उघडून वाचलं. माझाच अर्ज होता, आणि समासात लिहिलं होतं : ‘बॅट कोणत्या खेळपद्धतीसाठी आवश्यक आहे याचा खुलासा नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.’

“कोण हा गाढव?” मी ओरडलो. मग खालची सही पाहिली. सही फार सुबक होती, कारण ती माझी होती.

करमसिंग दारात उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं, पण बोलला ते गंभीरपणे. “साहेब, तुमी दुकानदारले काय सांगू, काय सांगू करी ऱ्हायनात ना? हाऊच तुमना खेळ शे. जे येस ते परत धाडी द्यानं. मारू नका. तुमना हात माराना नई शे.”

मला राग यायला हवा होता. पण बेचाळीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथे पेन काढलं, अर्जावर ‘राखणीच्या खेळासाठी’ असं लिहिलं आणि फेरसादर केला. त्या संध्याकाळी मी मारायचं सोडलं आणि करमसिंगकडून येईल तो चेंडू नुसता पलीकडे ढकलला. एकवीस-सतरा झालं. हरलो मीच, पण गठ्ठ्यांमागे जावं लागलं नाही.

अर्ज मंजूर झाला. मी साहेबी थाटात घेवरचंदकडे गेलो आणि म्हटलं, “राखायचा.” घेवरचंद खूश झाला. म्हणाला, आता वजनाचं सांगा. हलकी बॅट तेरा तोळे, भारी सोळा. मी म्हटलं, पंधरा. त्यानं दाणेदार रबराच्या सात बॅटी काढल्या आणि आम्ही दोघं त्या घेऊन शेजारच्या सराफाकडे गेलो. आमच्या गावात वजनाचा शब्द सराफाच्या काट्याचाच खरा. लग्नाचं सोनं घ्यायला आलेलं एक कुटुंब बाजूला थांबलं, आणि सराफानं एकेक बॅट पारड्यात घालून तोळे, मासे, गुंजा सांगितल्या. नवरीची आई माझ्याकडे फार आदरानं पाहत होती. बरोबर पंधरा तोळ्यांची एक निघाली.

बॅट आणल्यावर तिला खोळ हवी असं माझ्या मनात आलं. आणि खोळीवर मोर. आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत कशिद्याचा एक मोर आहे. मुलगी पाहण्याच्या वेळी कमलच्या हातचा म्हणून तो दाखवला होता. पिसाऱ्याचा एकेक डोळा असा भरलेला, की मुंबईच्या प्रदर्शनात ठेवावा. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘कमल’ असं नाव. मोठे कलावंत सही अशीच निष्काळजीपणे करतात, हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगतो.

“तसाच एक मोर बॅटच्या खोळीवर काढशील?” मी म्हटलं.

कमल एकदम चिडली. “तो मोर म्हणजे काय गंमत वाटली? आणि खोळीवर? घामाच्या हातांनी धरायला?”

मला माझी चूक कळली. बारा वर्षांत तिनं सुई हातात धरली नव्हती, माझ्या शर्टांची बटणंसुद्धा झुंबरबाई लावून देत किंवा लोंबत राहत. पण एवढी कला अंगात असलेल्या बाईला बटणं लावायला सांगणं मलाच कधी बरं वाटलं नव्हतं. खोळ झुंबरबाईंनी पिशवीच्या कापडाची शिवून दिली.

आता बॅट होती, खोळ होती, आणि माझी खेळाची पद्धतही होती. पण सरकारी पैशातून घेतलेली वस्तू जडसंग्रहात, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या वहीत, नोंदली जाते आणि जिल्ह्याबाहेर न्यायची तर वरच्या कचेरीची मंजुरी लागते. नियम कुणाला माहीत नव्हता. मला होता. मीच तो साहेबांच्या लक्षात आणून दिला, आणि मंजुरीसाठी मीच लिहिलं. सामना रविवारी. शनिवारी सकाळच्या टपालात मंजुरी आली. मी आनंदानं लिफाफा फोडला. पत्रावर सही होती, शिक्का होता. जावक क्रमांक नव्हता.

पुढं काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी दोन तास त्या पत्राकडे पाहत बसलो. ते खिशात घालून बॅट काढून नेली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. साहेब तर म्हणाले, “फेगडे, मी तुम्हाला विनंती करतो.” पण अठरा वर्षं मी जावक क्रमांक नसलेले कागद परत केले होते. त्यांत कुणाची काय काय कामं अडली असतील. ती सगळी माणसं मला समोर दिसायला लागली. मी शेरा मारला, पत्र परत पाठवलं, आणि पंधरा तोळ्यांची बॅट खोळीसकट कपाटात कुलूपबंद झाली.

हे कमलला मी एस्टीत बसल्यावर सांगितलं. एरंडोल येईपर्यंत ती तिकिटाच्या घड्या घालत होती. मग म्हणाली, “आता खेळणार कशानं?”

“तिथं कुणाची तरी मागून घेईन.”

“चँपियन माणूस मागून घेतो?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. आबांना जळगावच्या वांग्यांचं भरीत फार प्रिय, म्हणून ती पाच शेर हिरवी वांगी घेऊन निघाली होती, आणि ठेचायला हातची हवी म्हणून मोगरीही. तिनं ती वर काढली. तिला लसणीचा वास येत होता. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि पारोळ्यापर्यंत मी ती रुमालानं पुसत बसलो.

रविवारी सकाळी धुळ्याच्या त्या कचेरीत शंभरेक माणसं जमली होती. पुढच्या रांगेत मध्यभागी आबा, कोट घालून, काठी मांडीवर आडवी. सुकदेव पांढऱ्या पँटमध्ये, हातात लाल स्पंजची बॅट. मी पिशवीतून मोगरी काढली तेव्हा मागचे लोक माना उंचावून पाहू लागले.

“दाजी, हे काय?” सुकदेवनं विचारलं.

“बाभळीची,” मी म्हणालो. यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

धुळ्याचे हेडक्लार्क पंच होते. त्यांनी मोगरी हातात घेऊन वास घेतला. हे चालेल का, असा प्रश्न निघाला. नियमांचं पुस्तक कुणाकडे नव्हतं. पंधरा मिनिटं दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. मग मी उभा राहून म्हटलं की हरकत असेल तर ती लेखी यावी, आणि लेखी हरकत घेण्याची मुदत सामन्यापूर्वी असते, ती घड्याळाप्रमाणे उलटून गेली आहे. हेडक्लार्कांनी माझ्याकडे फार आपुलकीनं पाहिलं. एका सरकारी माणसाला दुसरा सरकारी माणूस भेटला होता. त्यांनी हरकत निकालात काढली. आबा काठी आपटून म्हणाले, “चँपियनला बॅट कुठलीही चालते!”

सामना सुरू झाला. सुकदेवनं पहिला चेंडू असा काही मारला की मला तो दिसलाच नाही. डाव त्यानं घेतला, एकवीस-नऊ. दुसऱ्या डावात मला करमसिंग आठवला. मी मारायचं नाही असं ठरवलं. येईल तो चेंडू मोगरीच्या वाटेत येऊ द्यायचा, एवढंच. सुकदेव गिरकी देऊन मारी, पण बाभळीला गिरकीचं काही वाटत नसे. त्याचा सणसणीत आलेला चेंडू मोगरीला लागून जाळीपलीकडे मेल्यासारखा पडे. सुकदेव पुढे धावे, पोचत नसे. मग तो चिडला, आणि चिडून अर्ज करणाऱ्यांचे अर्ज मी आयुष्यभर परत केले होते. दुसरा डाव मी जिंकला.

तिसऱ्या डावात वीस-एकोणीस झालं. एक गुण आणि मी जिंकणार होतो. मी. बारा वर्षं जे खोटं होतं, ते एका चेंडूत खरं होणार होतं. कमल भिंतीशी उभी होती आणि तिनं पदर तोंडात धरला होता. सुकदेवनं जीव खाऊन मारला. मी मोगरी आडवी घातली. टक् असा आवाज झाला, चेंडू जाळीवर टेकला, पलीकडे पडला आणि उठलाच नाही.

“फेगडे विजयी!” पंच म्हणाले.

लोक उठले. आबा पुढे आले, डोळ्यांत पाणी, आणि सगळ्यांना सांगू लागले, “बारा वर्षांपूर्वी मी याचा नुसता हात दाबून ओळखलं होतं!”

पण तो आवाज मोगरीचा नव्हता. मोगरीचा आवाज ढब् असा येत होता. माझ्या उजव्या बाहीचं बटण दोन धाग्यांवर लोंबत होतं. चेंडू त्याला लागला होता. हे मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं. मी गप्प बसायचा प्रयत्न केला. मनापासून केला. आबांनी माझा हात हातात घेतला, तसाच दाबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा. यात त्रुटी आहे.”

मी बटण दाखवलं. पंच माझ्याकडे पाहतच राहिले. सुकदेव म्हणाला, “दाजी, राहू द्या ना.” पण नोंद बदलली. वीस-वीस झाले. पुढचे दोन चेंडू मला दिसलेच नाहीत. सामना सुकदेवनं जिंकला.

इथं संपायला हवं होतं. पण आबा माझा हात सोडेनात. सभेला उद्देशून ते म्हणाले, “पाहिलंत? चँपियन असा असतो. कॉलेजचं पाणी!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिंकलो असतो तर कदाचित मी ते गिळलं असतं. हरल्यावर मिळालेल्या त्या टाळ्या मला सोसवल्या नाहीत. मी म्हटलं, “आबा, अजून एक त्रुटी आहे. बारा वर्षांपासून प्रलंबित.” आणि होस्टेल, चहा प्यायला गेलेला मुलगा, मामा, पोह्यांचं टेबल, सगळं सांगून टाकलं.

आबांनी हात सोडला. काठी घेतली आणि एकटे घरी चालते झाले.

दुपारी आम्ही आबांच्या घरी होतो. परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. मी ओसरीवर बसलो होतो. आतून एकदम आवाज आला, “फेगडे! सावधान!” मी उभा राहिलो. टाचा आपोआप जुळल्या. आबा समोर आले.

“बारा वर्षं पहिलं ताट घेतलंत?”

“हो, आबा.”

“सुकदेवच्या आधी?”

“हो.”

“आज शेवटी बसायचं.” ते थांबले. बडगी त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवली आणि मोगरी माझ्या हातात दिली. “आणि भरीत तुम्ही ठेचायचं. दर वर्षी. हात कसा धरता ते पाहू द्या मला.” मी ठेचू लागलो. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, “मारू नका. दाबा. हं, असं. हे जमतंय तुम्हाला.” आणि मग, आत जाता जाता, “वीस-एकोणीसला बोलायला नको होतं, मूर्ख माणसा,” असं म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी मान खाली घालून ठेचत राहिलो, कारण लसणीनं डोळ्यांत पाणी येतं असं सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आम्ही निघालो. आता गल्लीत काय सांगायचं, झुंबरबाईंना काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होतो. कमल खिडकीशी बसली होती. पारोळं गेलं. एरंडोल गेलं. मग ती बाहेर बघतच म्हणाली, “माझंही एक राहिलंय सांगायचं.”

“काय?”

“तो मोर मी काढलेला नाही. माहेरच्या शेजारणीनं, हिराबाईनं काढला होता. बैठकीपुरता मागून आणला, आणि मग तुम्ही त्याला चौकटच करून आणलीत. हिराबाई अजून मागतेय.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“नाव तेवढं माझं आहे,” ती म्हणाली. “म्हणून वाकडं आहे.”

बारा वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला कागद, आणि त्यातली एवढी ढळढळीत त्रुटी माझ्यासारख्या माणसाला दिसली नव्हती. शेऱ्याचं वाक्य जिभेवर आलं. कमल माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा हात माझ्या बाहीवरच्या त्या लोंबत्या बटणाकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला.

“नाव फार छान काढलंय,” मी म्हणालो, आणि ते बटण तोडून खिशात टाकलं.